एका शनिवारात अख्खं ॲरिझोना बसवायचंय?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या प्रवास-सदरात अमेरिकेचे प्रश्न वाढतात. यंदा न्यूयॉर्क-नायगारा मागे पडून ॲरिझोनाचं वाळवंट पुढे आलंय, निम्म्या मुंबईची पोरं फिनिक्स-चँडलरला नोकरीला लागलीत की काय कोण जाणे. बहुतेक पत्रांमधली अडचण एकच, हातात दिवस एक आणि यादी हातभर. म्हणून यावेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: मुलगा फिनिक्सजवळ राहतो. आम्ही दोघं मेच्या शेवटी जातोय. त्याला सुट्टी मिळतेय ती फक्त एक शनिवार. मी एक्सेलमध्ये प्लॅन केलाय: पहाटे ४ ला निघायचं, अँटेलोप कॅनियन, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅनियन, येताना सेडोना, रात्री ११ ला घरी. सून म्हणते, बाबा हे होणार नाही. तुम्हीच सांगा.
– एक निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड

उत्तर: काका, सून बरोबर बोलतेय. नकाशावर ही चारही नावं शेजारी शेजारी दिसतात खरी, पण फिनिक्स ते पेज (अँटेलोप कॅनियन तिथे आहे) साधारण ४४० किलोमीटर, तिथून मॉन्युमेंट व्हॅली आणखी २००, मग ग्रँड कॅनियन, मग सेडोना आणि परत घर, हे सगळं मिळून तेराशेच्या आसपास जातं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे नागपूरला जाऊन जवळजवळ परत यायचं आणि मधे चार ठिकाणी उतरून फोटो पण काढायचे! मुलगा गाडी चालवणार की तुमच्याबरोबर बघणार?

एकच निवडायचं तर ग्रँड कॅनियनची दक्षिण बाजू, साउथ रिम, डोळे मिटून. फिनिक्सहून साधारण ३७० किलोमीटर, साडेतीन तास. पहाटे ४ ला निघायचा तुमचा आग्रह मात्र अगदी योग्य आहे, तो सोडू नका, कारण दहानंतर गेटवर गाड्यांची रांग लागते आणि पार्किंगसाठी गोल गोल फिरावं लागतं. आणि तो रस्ता झोपून घालवू नका हं. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे, तिथून हायवे चढायला लागतो, सुरुवातीला दोन्ही बाजूला ते हात वर केलेले उंच सग्वारो निवडुंग दिसतात (त्यांना पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात), मग ते विरळ होत होत गायब होतात आणि फ्लॅगस्टाफला पोचेपर्यंत तुम्ही पाइनच्या जंगलात असता. दोन तासात सगळा देशच बदलल्यासारखं वाटतं.

साउथ रिम साधारण २१०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे तिथल्या पार्किंगमध्ये उतरलात की तुम्ही महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरापेक्षा वर आहात, तेही एक पाऊल न चढता, आणि म्हणूनच मे महिना असला तरी पहाटे चार-पाच अंश थंडी असू शकते. घरून निघताना अंगावर टी-शर्ट आणि डिकीत स्वेटर, असं पाहिजे. काकूंना पहिल्या अर्ध्या तासात थोडं दमल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, हळू चाला, पाणी प्या.

गाडी व्हिजिटर सेंटरला लावा आणि चालत मॅथर पॉइंटला जा. तिथे पहिल्यांदा काहीच कळत नाही, डोळ्यांना मापच सापडत नाही. दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद, दीड किलोमीटरहून जास्त खोल, आणि हे आकडे पाठ असले तरी समोर बघून खरे वाटत नाहीत. सगळेजण तिथे दहा सेल्फी काढतात आणि पुढच्या पॉइंटला पळतात. तुम्ही पळू नका. कडेकडेने यावापाई म्युझियमपर्यंत या आणि तिथून गावाच्या दिशेने 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची वाट आहे ती धरा. पक्की, बऱ्यापैकी सपाट वाट आहे, आणि गंमत अशी की त्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दर मीटरला जमिनीत ब्राँझची खूण बसवलीय. ६० आणि ७० च्या मधे जरा थांबा, ६६ च्या आसपास, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, तो तिथे येतो. ग्रँड कॅनियनचा सगळ्यात वरचा, म्हणजे तिथल्या मानाने पोरसवदा थर २७० वर येतो. आणि दरीच्या तळाचा दगड यायला पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. वाटेत त्या त्या वयाचे खरे दगड ठेवलेत, त्यांना हात लावायला परवानगी आहे, लावाच. त्या तळाच्या काळ्या दगडाचं नाव विष्णू शिस्ट (शिस्ट हा दगडाचा एक प्रकार)! १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ तिथे काम करत होते, त्यांनी दरीतल्या शिखरांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं देऊन ठेवली. काकूंना हे आधी सांगू नका, तिथे बोर्ड वाचू दे.

जेवण झालं की दुपारी गाडी काढून डेझर्ट व्ह्यू ड्राइव्हने पूर्वेकडे, ४० किलोमीटर. शेवटी १९३२ साली बांधलेला दगडी वॉचटॉवर आहे, मेरी कोल्टर या बाईंनी डिझाइन केलेला, त्या काळात एक बाई असल्या जागी आर्किटेक्ट होती हे ऐकूनच मला भारी वाटतं. तिथून कोलोराडो नदी नीट दिसते, बाकी बऱ्याच पॉइंटांवरून ती दिसतच नाही आणि लोक विचारत बसतात की एवढी दरी जिने कापली ती नदी कुठाय. येताना आल्या रस्त्याने न येता तसेच पुढे कॅमेरॉनवरून फ्लॅगस्टाफला उतरा. सूर्यास्त बघायचाच असेल तर रात्री फ्लॅगस्टाफला राहा आणि रविवारी सकाळी सेडोना करत घरी या. त्याच रात्री अंधारात चार तास ड्राइव्ह करून परत, हे मी नाही सुचवणार. त्या जंगलातल्या रस्त्यांवर एल्क येतात, ते हरणासारखे दिसले तरी अंगाने घोड्याएवढे असतात.

प्रश्न: आमची ग्रुप टूर आहे. लास वेगासच्या दिवशी 'ग्रँड कॅनियन डे ट्रिप, काचेचा स्कायवॉक' असं लिहिलंय. भाऊ म्हणतो ते खरं ग्रँड कॅनियन नाही. फसवणूक आहे का?
– ठाणे

उत्तर: फसवणूक नाही, पण भावाला जे म्हणायचंय त्यात तथ्य आहे. दरी तीच, जागा वेगळी. स्कायवॉक आहे ग्रँड कॅनियन वेस्टला, ती हुआलापाय या मूळ अमेरिकन जमातीची स्वतःची जमीन आहे आणि तो काचेचा पूल त्यांनी २००७ साली सुरू केला. ते नॅशनल पार्क नाही. वेगासपासून सव्वादोन-अडीच तासांवर आहे म्हणून टूरवाल्यांना सोयीचं पडतं, साउथ रिमला जायला साडेचार तास लागतात. वेस्टला दरी अरुंद आणि कडे एकदम सरळसोट, साउथ रिमला ती अफाट पसरलेली आणि थरांचे रंग जास्त. काचेवर मोबाइल नेऊ देतात की नाही ते आधीच विचारून घ्या म्हणजे तिथे जाऊन चिडचिड नको.

माझं मत विचाराल तर वेगासमध्ये एकच दिवस असेल तर हे घ्या आणि येता-जाता हूवर धरण बघा, १९३० च्या दशकातलं, २२१ मीटर उंच, ते खरोखर बघण्यासारखं आहे. आणि घरी येऊन 'ग्रँड कॅनियन बघितलं' म्हणा, भाऊ काय करणार आहे.

प्रश्न: आम्ही पाच जण, त्यात माझ्या सासूबाई (७८, गुडघे) आणि मुलगा ६ वर्षांचा. अँटेलोप कॅनियन अप्पर करावं का लोअर? आणि वेळेचा काहीतरी घोळ असतो म्हणे, मैत्रिणीच्या फॅमिलीची टूर चुकली होती.
– दादर

उत्तर: आधी वेळ, कारण तिथेच माणसं फसतात. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच राज्यात जो नावाहो नेशनचा, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकन जमातीचा स्वतःचा प्रदेश आहे (लहानसहान नाही, सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर, तीन राज्यांत पसरलेला) तो करतो. म्हणजे उन्हाळ्यात मॉन्युमेंट व्हॅलीत घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे. आणि अँटेलोप कॅनियन नावाहोंच्या जमिनीत असूनही तिथल्या टूर मात्र पेज गावाच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात! त्यात युटाहची सीमा शेजारी, तिथेही घड्याळ पुढे, त्यामुळे मोबाइल कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा, आणि हॉटेलातून निघताना ९ वाजलेले असतात ते पोचेपर्यंत परत ९ वाजतात किंवा एकदम साडेदहा. फोनचं ऑटोमॅटिक टाइम बंद करा आणि फिनिक्स सेट करून ठेवा, किंवा घरातल्या एकाच्या मनगटावर साधं घड्याळ असू दे आणि सगळ्यांनी त्याचंच ऐकायचं. तिथे असताना मुंबईला फोन करायचा तर ॲरिझोना आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, तिथे सकाळचे ७ म्हणजे दादरला संध्याकाळचे साडेसात.

आता अप्पर-लोअर, म्हणजे अँटेलोपच्या अरुंद घळीचे दोन वेगळे भाग. लोअरमध्ये लोखंडी शिड्या आहेत, उतरायच्या पण चढायच्या पण, सासूबाईंना नाही जमणार. अप्परची घळ जमिनीच्या पातळीवर आहे, आत वाळूतून चालायचं, पण हल्ली एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडून वळसा घालून यायचं असतं आणि त्या वळशात पायऱ्या आहेत, तेव्हा बुक करताना गुडघ्यांचं स्पष्ट सांगा. गाइडशिवाय कुठेच आत सोडत नाहीत. आणि हा नियम उगाच पैसे काढायला केलेला नाहीये. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअरमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस पडला होता काही मैल लांब, ते पाणी त्या अरुंद घळीतून भिंतीसारखं आलं. त्यामुळे ढग दिसले म्हणून त्यांनी टूर रद्द केली तर हुज्जत घालू नका, पर्यायी दिवस ठेवा.

अप्परमध्ये वरून सरळ खाली येणारे ते उन्हाचे झोत फोटोत बघितले असतील, ते साधारण मार्च अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि दुपारच्या आसपासच दिसतात. तो स्लॉट महाग असतो आणि लवकर भरतो. मला विचाराल तर झोत नाही मिळाला तरी भिंतींवरचे ते नारिंगी-जांभळे रंग सकाळी पण असतातच, ६ वर्षांच्या मुलाला काय, त्याला वाळू मिळाली की बास.

सासूबाईंसाठी खरं सोयीचं ठिकाण सांगू का, फिनिक्सहून वर जाताना कँप वर्देजवळ माँटेझुमा कॅसल. नावावर जाऊ नका, मेक्सिकोच्या माँटेझुमा राजाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सिनाग्वा लोकांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी कड्याच्या कपारीत बांधलेलं पाच मजली घर आहे, जमिनीपासून तीसेक मीटर उंचावर. वर कोणालाच जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी खालूनच बघायचं, छोटी पक्की वाट, झाडांची सावली. आणि साउथ रिमला गेलात तर हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंदी असते पण चालायला त्रास असणाऱ्यांसाठी गेटवर वेगळं परमिट मिळतं, ते न विसरता मागा. कोणी आपणहून सांगत नाही.

प्रश्न: आम्ही चार मित्र, दर पावसाळ्यात कसारा-कर्जत लोकल पकडून ट्रेक करणारे. हरिश्चंद्रगड, अलंग-मदन सगळं झालंय. जूनमध्ये एका दिवसात ग्रँड कॅनियनच्या तळाला, नदीपर्यंत जाऊन परत येऊ का? उन्हाची सवय आहे.
– गोरेगाव

उत्तर: नाही. अनुभव आहे म्हणून तर जास्त सांभाळून राहा असं मी म्हणेन. गड चढताना जिथे दम संपतो तिथून परत फिरलं की उतार असतो. इथे उलटा मामला आहे, आधी १३०० मीटरहून जास्त उतार, मजेत, गप्पा मारत, आणि दमल्यावर, दुपारी, तेवढीच चढण. शिवाय खाली जाल तसं गरम होतं, तळाला वरच्यापेक्षा १०-११ अंश जास्त. एका दिवसात नदीला जाऊन येऊ नका असं पार्कवालेच ठिकठिकाणी लिहून ठेवतात.

आणि ती उन्हाची सवय, ती मुंबईची आहे. आपल्याला घाम दिसतो, शर्ट ओला होतो, मग पाणी आठवतं. तिथे हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि लगेच उडतो, अंग कोरडंच, आणि माणसाला वाटतं आपण मस्त आहोत, मग डोकं दुखायला लागतं. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश, किंवा त्याहून वर होता. तहान लागायच्या आधी पाणी, आणि नुसतं पाणी नाही, खारे दाणे, शेव, लिंबू-मीठ-साखर काहीतरी पोटात पाहिजे.

तुम्ही साउथ कायबाब वाटेवर ऊ-आ पॉइंटपर्यंत जा, खरंच असं नाव आहे, जाऊन येऊन साधारण ३ किलोमीटर, सूर्य उगवताना उतरायला सुरुवात करा आणि आठच्या आत वर या. पाणी सगळं स्वतःचं न्या. नदीपर्यंत जायची खाज असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खाली मुक्कामाचं परमिट काढून.

प्रश्न: जुलैमध्ये जातोय. वाळवंटात पण पावसाळा असतो हे खरं का? छत्री न्यायची का?
– भाईंदर

उत्तर: खरंय, जून मध्य ते सप्टेंबर अखेर. पण फिनिक्सला अख्ख्या वर्षात मिळून दोनशे मिलिमीटरही जेमतेम पडतो, आणि सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ पडला होता, तेव्हा छत्रीचं तुम्हीच ठरवा. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. दुपारनंतर धुळीची भिंत येते, समोरचं दिसेनासं होतं, तेव्हा गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा, नाहीतर मागचा तुमचे लाल दिवे बघून तुमच्या मागे येतो आणि ठोकतो. आणि रस्त्यावर पाणी वाहत असेल, आडवा बॅरिकेड असेल तर 'आम्ही हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढलीय' हा अभिमान घरी ठेवा. बॅरिकेड ओलांडून अडकलात तर सोडवण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा तिथे कायदाच आहे, लोक त्याला 'मूर्ख ड्रायव्हरचा कायदा' म्हणतात.

प्रश्न: तिकिटं खूप महाग झाली म्हणे?
– चेंबूर

उत्तर: हो. १ जानेवारी २०२६ पासून ११ मोठ्या नॅशनल पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना प्रत्येकी १०० डॉलर जास्तीचे, नेहमीच्या गाडीच्या तिकिटाशिवाय. ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस तिन्ही त्यात आहेत. परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, एकाहून जास्त पार्क करणार असाल तर पासचाच हिशोब करा. अँटेलोप, मॉन्युमेंट व्हॅली, स्कायवॉक ह्यांना हा पास चालत नाही, त्यांची तिकिटं वेगळी.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. वाटेत काय मिळेल?
– विलेपार्ले

उत्तर: बीन बरिटो सगळीकडे, पण आतल्या वाटलेल्या राजम्यात कधी कधी डुकराची चरबी असते, 'नो लार्ड' असं विचारूनच घ्या. नावाहो भागात फ्राय ब्रेड खा, आपल्या भटुऱ्याची चुलत बहीण, पण तळण कशात ते तिथेही विचारा. बाकी थेपले, दशम्या, तिखट पुऱ्या आणि दह्याचा डबा आइसबॉक्समध्ये, हे मी सांगायला नको. नावाहोंच्या प्रदेशात दारूला बंदी आहे, डिकीत पण नको. आणि तिथल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, जवळच्या होपी गावांमध्ये तर कॅमेरा बाहेरच काढायचा नाही.

प्रश्न: मी सातवीत आहे. आम्ही लोणार बघितलंय. आता ॲरिझोनाला मीटियर क्रेटर बघायला जाऊ का? बाबा म्हणतात एकच तर आहे, दोन्ही खड्डे.
– कल्याण

उत्तर: बाबांना घेऊनच जा! लोणार मोठं आहे, जवळजवळ १.८ किलोमीटर, ॲरिझोनाचं साधारण १.२. पण ते कोरडं आहे, त्यामुळे लोणारमध्ये पाण्याखाली आणि झाडीत लपलेला वाडग्याचा आकार तिथे उघडा दिसतो. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी लोखंड आणि निकेलचा, साधारण ५० मीटरचा अशनी पडला. बॅरिंजर नावाच्या माणसाने ते लोखंड खाली पुरलेलं असणार म्हणून वर्षानुवर्षं खणलं आणि हाती काही लागलं नाही, कारण बहुतेक सगळं आदळतानाच वितळून, वाफ होऊन गेलं होतं. पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे सराव केला. बाबांना एवढं सांग, आणि मग विचार की लोणारचं विशेष काय. उत्तर: ते बसाल्टमध्ये झालंय आणि चंद्रावरच्या काळ्या मैदानांमधला दगडही बसाल्टच आहे, म्हणून शास्त्रज्ञ आपल्या लोणारला येतात. फ्लॅगस्टाफहून पाऊण तासावर आहे, ग्रँड कॅनियनच्या दिवसात कोंबू नका, दुसऱ्या दिवशी करा.

प्रश्न: पेट्रिफाइड फॉरेस्टमधला दगड झालेल्या लाकडाचा छोटा तुकडा आणला तर चालेल का? शोकेससाठी.
– बोरिवली

उत्तर: नाही चालणार, गुन्हा आहे. बाहेरच्या दुकानात खाजगी जमिनीवरचे तुकडे बिलासकट मिळतात, तिथून घ्या. लोकांनी चोरून नेलेले तुकडे नंतर माफीच्या पत्रासोबत पोस्टाने परत येतात, आणि नक्की कुठून उचलले ते कळत नसल्यामुळे पार्कवाल्यांना ते जागेवर ठेवताही येत नाहीत, बाजूला एक ढीग करून ठेवलाय.

प्रश्न: साडी नेसून फिरता येईल का? पंजाबी ड्रेसची मला सवय नाही.
– एक आजी, गिरगाव

उत्तर: आजी, खुशाल नेसा, खाली स्पोर्ट्स शूज घाला आणि पदर खोचून पिन लावा, दरीच्या काठावर वारा जोरात असतो. फक्त वाळवंटातल्या पायवाटेवर 'चोया' नावाचं निवडुंग असतं, लांबून लोकरीच्या बाहुलीसारखं गोंडस दिसतं, त्याचे गोळे जरा स्पर्श झाला की तुटून कापडाला चिकटतात, आणि काटे उलट्या टोकांचे. हाताने ओढायचं नाही, मग हातालाच चिकटतो. मोठ्या दातांची फणी गोळ्याखाली सरकवायची आणि अंगापासून लांब झटकन उडवायचा, आजूबाजूला कोणी उभं नाही ना बघून. फणी पर्समध्ये असू दे.